पुणे ते महाबळेश्वर, डबलसीट

डिसेंबरातला शनिवार, गाडी अ‍ॅक्टिव्हा 6जी, मागे आई. कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि महाबळेश्वर. एका बाजूचं अंतर सुमारे 120 किलोमीटर. ह्या रस्त्यावरच्या पॉइंटांबद्दल आणि स्ट्रॉबेरीबद्दल वाचायला भरपूर मिळतं. मागे बसणाऱ्याची कंबर, गुडघे आणि धाकधूक ह्यांबद्दल फारसं मिळत नाही, आणि घाटात गाडी सरळ राहते की डुलते हे निम्मं तर तिथेच ठरतं. म्हणून हा प्रवास मागच्या सीटच्या बाजूने लिहितो आहे.

आधी वजनाचा हिशोब. गाडी 106 किलो, चालवणारा 72, आई 58, सामान 9. झाले 245. दोन चाकांच्या एक्सलमधलं अंतर 126 सेंटिमीटर. आई नीट बसली की तिच्या बैठकीचा मध्य मागच्या एक्सलच्या 10 सेंटिमीटर पुढे येतो, टेप लावून मोजलेलं आहे. म्हणजे तिच्या 58 किलोंपैकी पुढच्या चाकावर जेमतेम साडेचार किलो जातात, बाकी सगळा भार मागच्या दहा इंची चाकावर. ती 15 सेंटिमीटर मागे सरकली की बैठक एक्सलच्या मागे जाते. मग ते साडेचार किलो तर जातातच, वर पुढच्या चाकावरचे आणखी सव्वादोन किलो उचलले जातात. चढाला हँडल पिसासारखं हलकं लागतं ते ह्यामुळे. डबलसीट जाताना जी काही काळजी घ्यायची, ती मागच्याला पुढे आणि स्थिर ठेवण्याची.

आदल्या संध्याकाळी तीन कामं केली. पहिलं हवा. ह्या गाडीला पुढे 22 पीएसआय, मागे एकट्याला 29 आणि डबलसीटला 36. पंपावरचा माणूस विचारल्याशिवाय पुढे-मागे एकच आकडा भरतो, म्हणून आकडे आपण सांगायचे. मागे 29 वरच दोघं बसलो तर टायरची बाजू दबते आणि वळणात गाडी रबरावर तरंगल्यासारखी मागून झोके घेते. मागे बसलेल्याला ते आधी कळतं, चालवणाऱ्याला नंतर. हवा टायर थंड असताना मोजायची. दोन तास चालवून गरम झालेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, तो पाहून हवा काढू नये. सकाळी तीच कमी भरते.

दुसरं काम शॉकअप. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली पायऱ्या कापलेली एक कडी असते, तिला तीन खाचा. हुकाच्या पान्याने कडी फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी भाराखाली कमी बसते. रोजच्या एकट्याच्या फिरण्याला पहिली खाच, आईला घेऊन जाताना दुसरी. तिसरी लावली तर लहान खड्ड्यांचे दणके थेट तिच्या माकडहाडाला बसतात, म्हणून ती दोघं भरभक्कम असतील तेव्हाच. ओळखायची खूण सोपी आहे. स्पीडब्रेकरवर मागून 'खट्' असा लोखंडी आवाज आला तर शॉकअप तळाला टेकतोय, एक खाच वाढवा. आवाज नाही पण मागचा माणूस प्रत्येक सांध्यावर उडतोय, तर एक कमी करा.

तिसरं, हँडल. गाडी मधल्या स्टँडवर लावायची, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचलायचं आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे न्यायचं. मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. मग पुढचं चाक धरून पुढे-मागे हलवायचं, खडखड जाणवली तर कोनसेट ढिला. एकट्याने चालवताना हा दोष लपतो, कारण पुढच्या चाकावर वजन असतं. मागे माणूस बसला, पुढचा भार हलका झाला की वेग कमी होताना 40 च्या आसपास हँडल थरथरायला लागतं. लोक रस्त्याला नावं ठेवतात.

सामान कुठे ठेवायचं हे त्याच हिशोबातून निघतं. पाण्याच्या बाटल्या, चार्जर, औषधं आणि टूलकिट डिकीत, कारण डिकी एक्सलच्या पुढे आहे. कपड्यांची मऊ बॅग पायापाशी, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे अडकत नाही ना हे बघून. मागच्या दांडीवर काहीही बांधलं नाही. एक्सलच्या 30 सेंटिमीटर मागे 10 किलोची बॅग बांधली तर पुढच्या चाकावरचे जवळपास अडीच किलो कमी होतात, आणि आई मागे सरकून बसेल ती भर वेगळीच. तिच्या पाठीवर सॅकही नको. सॅक खांद्यांना मागे ओढते, ते सावरायला माणूस पोट आवळून बसतो आणि शिरवळ यायच्या आत पाठ भरून येते. सॅक घ्यावीच लागली तर पट्टे सैल करून तिचा तळ सीटवर टेकवायचा.

आई घरी नेहमी साडी नेसून एका बाजूला बसते. गल्लीतल्या भाजीपुरतं ते चालतं. ह्या प्रवासाला पंजाबी ड्रेस आणि दोन्हीकडे पाय टाकून बसणं, हे तिला आधीच पटवलं होतं. एका बाजूला बसलं की सगळे गुडघे आणि पाय डावीकडे लोंबतात, चालवणारा नकळत हँडल उजवीकडे तोलत राहतो आणि शंभर किलोमीटरनंतर त्याचा उजवा खांदा दुखतो. शिवाय ब्रेक लागल्यावर एका बाजूला बसलेल्या माणसाला पुढे टेकायला काही नसतं. ओढणी गळ्यातून काढून डिकीत. मागच्या चाकाचं निम्मं तरी झाकणारं संरक्षण मोटार वाहन नियमांत सक्तीचं आहे, साडीगार्ड म्हणतात ते हेच, पण वाऱ्यावर मागे उडणारी ओढणी त्याच्या पलीकडेही पोचते.

सकाळी सहाला निघालो. बसण्याची पद्धत ठरलेली: स्टँड काढलेला, माझे दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक दाबलेले, मग मी "बस" म्हणायचं. आईने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवायचा, उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकायचा आणि पूर्ण बसल्यावरच फूटरेस्ट शोधायचे. रिकिबीत पाय द्यावा तसं डाव्या फूटरेस्टवर उभं राहून चढलं तर सगळं वजन गाडीच्या एका कडेला येतं आणि उभी गाडी डावीकडे कलंडते. बसल्यावर तिने गुडघे माझ्या कमरेला हलके टेकवायचे, एक हात मागच्या दांडीवर, एक माझ्या कमरेशी. दोन्ही हात खांद्यावर नकोत, कारण खांद्यावरचा प्रत्येक झटका हँडलमध्ये उतरतो. हेल्मेट दोघांनाही पूर्ण चेहऱ्याचं, पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका. आरसे ती बसल्यावर लावले, कारण मागची बाजू दबली की आरशात आभाळ दिसायला लागतं. हेडलाइटचंही तसंच, झोत वर जातो. अंधारात निघणार असाल तर दोघं बसून भिंतीवर झोत बघा आणि खाली आणा.

खुणाही ठरल्या होत्या. कमरेवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. ब्रेकर दिसला की मी मोठ्याने "ब्रेकर" म्हणणार आणि आई फूटरेस्टवर पाय रोवून बूड बोटभर उचलणार. एवढ्याशा उचलण्याने मणक्याचा दणका गुडघ्यांवर जातो.

कात्रजचा नवा बोगदा पार करून खेड शिवापूरपर्यंत गाडी 50 ते 55 वर ठेवली. ट्रक शेजारून गेला की आधी हवेचा धक्का बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. तेव्हा मागच्याने ताठ होऊ नये, एवढंच सांगायचं. ताठ झालेला माणूस आणि हवा मिळून गाडी हलवतात, सैल बसलेला माणूस गाडीबरोबर हलतो. थंडीने आईने खांदे आक्रसले होते, हे माझ्या कमरेवरच्या पकडीतून कळत होतं. नसरापूरच्या पुढे थांबून तिला जर्किनच्या आत आणखी एक स्वेटर चढवला आणि जर्किनची चेन गळ्यापर्यंत लावली. फडफडणारं जर्किन वाऱ्यात शिडासारखं ओढतं.

थांबे 40 ते 45 मिनिटांनी. दुखायला लागल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो. स्कूटरच्या मागच्या सीटवर गुडघे वाकलेले आणि मांड्या फाकलेल्या राहतात, त्यामुळे आधी मांडीचे सांधे आखडतात, माकडहाड नंतर. उतरून पाच मिनिटं चालायचं, टाचा वर-खाली करायच्या. जुन्या सीटचा फोम बसला असेल तर वरून जेलची गादी टाकण्यापेक्षा कुशनवाल्याकडून फोमच बदलून घ्यावा. सुटी गादी ब्रेक लागला की रेक्झिनवर घसरते, आणि गादीसकट माणूस.

खंबाटकीत जाताना घाट चढावा लागला. 110 सीसीची गाडी 245 किलो घेऊन तिथे 30 ते 35 ने चढते, आणि ते ठीक आहे. डाव्या कडेला राहून एक्सिलरेटर एकसारखा धरायचा. ट्रकमागे चढावर थांबावं लागलं तर गाडी एक्सिलरेटरवर तोलून धरू नये. क्लचचे शू त्यांच्याभोवतीच्या वाटीवर, म्हणजे बेलवर, घासत राहतात, जळका वास येतो आणि नंतर गाडी उठताना हिसके देते. मागच्याची मान त्या हिसक्यांनी दुखते. ब्रेक धरून थांबायचं, रस्ता मोकळा झाला की एकदाच निघायचं.

सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाई. ढोल्या गणपतीपाशी नदीच्या घाटावर अर्धा तास बसलो, आईचे पाय मोकळे झाले आणि गाडीही थंड झाली. वाईपासून पाचगणी साधारण 12 किलोमीटर, पण तेवढ्यात साडेपाचशे मीटरच्या वर चढायचं असतं.

पसरणी घाटात मागच्याचं काम खरं सुरू होतं. वळण डावीकडे असेल तर आईने माझ्या डाव्या खांद्यावरून पुढे बघायचं, उजवीकडे असेल तर उजव्या. मुद्दाम झुकायचं नाही, नजर गेली की शरीर पुरेसं जातं. नवख्या माणसाची चूक उलटी असते. गाडी दरीकडे कलली की तो डोंगराकडे सरळ होतो. मग चालवणाऱ्याला गाडी जास्त वाकवावी लागते आणि वळण बाहेर फाकतं, नेमकं समोरून येणाऱ्या एसटीच्या बाजूला. पहिल्या दोन वळणांवर आईचंही तसंच होत होतं. तिसऱ्याला "खांद्यावरून धोम धरणाचं पाणी बघ" म्हटलं आणि गाडी एका रेषेत वळली.

वळणाआधी वेग कमी करून वळणात हलका एक्सिलरेटर चालू ठेवायचा. वळणात तो पूर्ण सोडला आणि वेग फार पडला तर क्लच सुटतो, परत दिला की झटक्याने पकडतो, आणि नेमका तेव्हा मागचा माणूस मागे फेकला जातो.

पाचगणीत रंबलर आणि गर्दी. तिथून महाबळेश्वरपर्यंत झाडीतला रस्ता, सावलीत ओलसर, आणि वेग 30. ह्या टप्प्याबद्दल ह्याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशीची उतरण चढण्यापेक्षा अवघड. गाडीला दोन्हीकडे 130 मिलिमीटरचे ड्रम ब्रेक आहेत. डावा लिव्हर दाबला की कॉम्बी ब्रेकमुळे दोन्ही चाकांना लागतो, उजवा फक्त पुढच्याला. बरेच जण डावाच हलका धरून घाटभर घासत उतरतात. ड्रममधले लायनर तापतात, चकचकीत होतात, लिव्हर आत आत जायला लागतो आणि पकड निम्म्यावर येते. त्याऐवजी वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही लिव्हर एकत्र, क्रमाने वाढवत दाबायचे, वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडायचे, म्हणजे ड्रमला वारा लागतो. एकदम दाबले तर मागचा माणूस सीटवरून घसरून पाठीवर येतो, हेल्मेटवर हेल्मेट आपटतं आणि त्याचं सगळं वजन आपल्या मनगटांवर पडतं. त्या क्षणी हँडल वळवता येत नाही. दाब आधी दोन बोटांचा, मग पूर्ण. ह्या अर्ध्या सेकंदात आईला गुडघे आवळून मागची दांडी घट्ट धरायला वेळ मिळतो.

पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे ह्या घाटात दिसतात. स्कूटरचा क्लच इंजिनच्या फेऱ्यांवर पकडतो. इंजिन बंद म्हणजे चाक मोकळं, आणि 245 किलो फक्त दोन ड्रमवर. इंजिन चालूच हवं, आणि वेग पडून क्लच सुटल्यासारखा वाटला की क्षणभर एक्सिलरेटर देऊन तो परत पकडवायचा, म्हणजे इंजिनही थोडं अडवतं. हॅरिसन फॉली ह्या पाचगणीजवळच्या पठाराच्या फाट्याच्या खाली लायनरचा वास आला तेव्हा गाडी कडेला घेऊन पंधरा मिनिटं उभी ठेवली. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये.

परतीचा शेवटचा धोका पुण्याच्या दारात आहे. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार लांबलचक आहे, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात तिथे वारंवार होतात. दिवसभर बसून मागचा माणूस तेव्हा पेंगायला लागतो. पेंगला की त्याचं वजन एका बाजूला कलतं आणि गाडी आपोआप तिकडे जाते. म्हणून बोगद्याच्या अलीकडे चहा घेतला, आईला उतरवून चालवलं, पुन्हा बसवताना हेल्मेटचा पट्टा तपासला आणि डावी कडा धरून आरशात बघत 40 ने उतरलो.

घरी आल्यावर त्याच रात्री शॉकअपची कडी पहिल्या खाचेवर आणली. मागच्या टायरची हवा सकाळी, टायर गार झाल्यावर, 36 वरून 29 केली.