तुम्ही विचारलंत म्हणून: वाळूच्या विधेयकाला मी ‘नाही’ का म्हणालो

लग्नमंडपात, दशक्रियेच्या घाटावर, रास्ता रोकोच्या गर्दीत, जिथे गाठ पडेल तिथे तुम्ही मला एकच प्रश्न विचारता: वाळूतस्करांना स्थानबद्ध करण्याची तरतूद सभागृहात आली, तेव्हा तुम्ही विरोध का केलात? त्यामागे न उच्चारलेला दुसरा प्रश्न असतो, की त्यांच्याकडून किती घेतलेत. त्याचे उत्तर ‘काही नाही’ एवढेच आहे. पहिल्याचे उत्तर मी आजवर टाळले, कारण हारतुरे चालू असताना कायद्याची कलमे सांगू लागणाऱ्या आमदाराकडे लोक कसे पाहतात, हे मला ठाऊक आहे.

ज्याला आपण नुसते एमपीडीए म्हणतो, तो विघातक कृत्यांना आळा घालणारा 1981 चा कायदा मुळात झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी होता. पुढे त्यात धोकादायक व्यक्ती आल्या, चित्रपटांच्या चोरट्या प्रती विकणारे आले आणि मग वाळूतस्कर व काळाबाजारवाले. यादी वाढताना फारसे कुणी अडवले नाही; गुंडाची बाजू घ्यायला कोण उभे राहणार? पण या कायद्याखाली आत टाकलेल्या माणसावर खटला चालवून गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त आदेश काढतात, त्या आदेशावर माणूस 12 महिन्यांपर्यंत आत राहू शकतो आणि तो आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्कही त्याला नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये स्थानबद्धतेला जागा आहे, हे मी नाकारत नाही. वाळूसाठी तिची गरज होती का, एवढेच मी विचारले. चोरीचे कलम होते, लोकसेवकावरील हल्ल्याचे होते, जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहनजप्ती होती. ही कलमे जी यंत्रणा वापरत नाही, तिच्या हाती आणखी धारदार हत्यार दिल्याने काय होणार, असे मी भाषणात म्हणालो आणि ते आजही मला चुकीचे वाटत नाही.

त्यानंतर दीड महिन्याने आमच्या तालुक्यात रात्री नदीपात्रात गेलेल्या एका तलाठ्याच्या अंगावर वाळूचा ट्रॅक्टर घातला गेला. पाय मांडीपासून चेचला होता. मी पहाटे रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा त्याची आई शस्त्रक्रियागृहाबाहेर जमिनीवर बसली होती. तिने मला ओळखले, उठून जागा दिली, आणि आवाज जराही न चढवता विचारले, “दादा, तुम्ही त्या लोकांच्या बाजूनं बोललात म्हणे?” मी खाली बसलो आणि तिला समजावू लागलो. वर लिहिले आहे तेच सगळे, जवळपास याच क्रमाने. आता आठवले की अंगावर काटा येतो, पण त्या वेळी मला खरोखर वाटत होते की नीट सांगितले तर बाईंना पटेल. तिने मला पूर्ण बोलू दिले. मग म्हणाली, “कलमं त्यालाही पाठ आहेत, दादा. तो तीच लावायला गेला होता.”

मला उत्तर सुचले नाही. नंतर कित्येक रात्री सुचली. त्याच्यासोबत पोलीस का दिला नव्हता, ट्रॅक्टर तीनदा सोडला कुणी, दंडाची वसुली कुठे अडली; हे सगळे प्रश्न बरोबर आहेत आणि मी ते विधानसभेत विचारलेही. पण त्या बाईंपुढे बसून ते विचारण्याची हिंमत मला आजही होणार नाही.

तुमच्यापैकी एकाने मला मोबाइलवर माझीच जुनी चित्रफीत दाखवली. तहसीलवरचा मोर्चा आहे, मी अजून निवडून यायचा आहे, आणि ध्वनिक्षेपकावर ओरडतो आहे की वाळूमाफियांना वर्षभर आत टाका, चौकशी नंतर करा. त्या माणसाला मी आज काय सांगू? तो ज्या नदीसाठी ओरडत होता, ती खरोखरच खरवडली जात होती. त्याने कायदा वाचला नव्हता एवढेच म्हणून मी सुटू पाहतो. पण कायदा वाचल्यावर मी नदीकडे पाहायचे थांबलो, असे तो म्हणाला तर?

आणखी एक गोष्ट तुम्ही कधी विचारली नाहीत, ती मीच सांगतो. विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले. मी ‘नाही’ म्हणालो, ते शेजारच्या बाकापर्यंत पोहोचले असेल. मी अपक्ष आहे, मला कुणाचा पक्षादेश नव्हता, आणि पोल, म्हणजे नावानिशी मतनोंदणी, मागता आला असता. पोल मागितला असता तर 288 जणांच्या सभागृहात विरोधकांच्या यादीत माझे एकट्याचे नाव छापले गेले असते. मी मागितला नाही. म्हणून कार्यवाहीत माझे भाषण आहे, मत नाही. आणि तरीही त्या मताची किंमत मीच मोजतो आहे अशी तक्रार मी करत असतो, हे जरा हास्यास्पदच आहे.

पुढे आमच्या तालुक्यातून पहिला स्थानबद्ध झाला तो एक ट्रॅक्टरचालक, ज्याच्या नावावर ना ट्रॅक्टर होता ना वाळूघाट. मालक आजही लग्नांत पहिल्या रांगेत बसतो. हे उदाहरण मी प्रत्येक भाषणात देतो आणि देताना मला थोडे बरेही वाटते. पण त्याच हंगामात रात्रीचे वाळूचे हायवा डंपर बंद झाले आणि काठच्या दोन गावांतल्या विहिरींना पाणी टिकले, असे तिथलेच शेतकरी सांगतात. हा भाग मी भाषणात घेत नाही.

तो तलाठी आता शेजारच्या तालुक्यात टेबलावर काम करतो. समोर आला की नमस्कार करतो, मी तब्येत विचारतो, तो “बरी आहे साहेब” म्हणतो. उद्या यादीत आणखी एक शब्द घालणारे विधेयक आले तर मी पुन्हा ‘नाही’ म्हणेन. या वेळी पोल मागेन, असेही लिहिले होते. ते वाक्य दोनदा खोडले.