पश्चिमेची खिडकी

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज फायनली हॉलचं काम झालं. खरं तर पाडव्यालाच करायचं होतं, पण गुढी उतरवली, गाठी पण खाऊन संपली तरी दिवाळीत घेतलेले मरून वेल्वेटचे पडदे तसेच लटकत होते, आणि इकडे नागपुरात पारा 40 च्या वर गेला. आमचा हॉल पश्चिमेचा, दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही आणि भिंतीला हात लावला तर रात्री नऊलाही गरम लागते.

सकाळी आईला फोन केला तर म्हणते, "अगं बाई, पडदे काय बदलवत बसली, पहिले खिडकी बाहेरून झाक." आणि खरंच आहे ते. ऊन एकदा काचेतून आत आलं की आतला पडदा कितीही जाड असू दे, तोच तापतो आणि मग सगळा हॉल शेकत बसतो. आजोबांकडे म्हणूनच वाळ्याच्या मुळांची ताटी खिडकीच्या बाहेर असायची, दुपारी आम्ही पोरं लोट्याने तिच्यावर पाणी मारायचो आणि शहाबादी फरशीवर उघडे पाय पसरून झोपायचो. मला तेच हवं होतं, अगदी तेच.

मग रस्त्याच्या कडेला ताट्या बांधून देतात त्यांच्याकडून 4 बाय 3 ची बांधून घेतली. बांबूच्या कमच्यांमध्ये वाळा दाबून भरलेला, कोरडी असताना नुसतं गवतच वाटतं, हाताला टोचतं. पण ग्रिलला बांधून पहिलं मगभर पाणी ओतलं ना, मुळं काळपट झाली, थेंब एका मुळावरून दुसऱ्यावर उतरत खाली गेले आणि पहिल्या पावसासारखा तो वास आला, मी पाच मिनिटं तिथेच उभी होते. खिडकी उघडी ठेवायची, बाहेरची झळ ओल्या मुळांमधून येताना पाणी सुकवत येते आणि त्यातच तिची आग जाते. घड्याळात टेम्परेचर दिसतं, 36 होतं ते तासाभरात 32 वर आलं. (ठाण्याची बहीण लगेच म्हणाली मी पण लावते, तिला नको म्हटलं, तिकडची हवाच दमट, पाणी सुकणार कुठून, नुसती ओल धरेल.)

एक गोष्ट मात्र चुकली. पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर ठिबकलं. धावत जाऊन सॉरी म्हटलं, आता ताटीखाली पत्र्याची पन्हळ बांधलीय, ते पाणी मोगऱ्याच्या कुंडीत जातं.

बाकी मग पटापट झालं. गालिचा गुंडाळून वर टाकला, वेल्वेटच्या उशा कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत गेल्या, सोफ्यावर पांढरी सुती चादर, पडदे पण पातळ सुती, फिक्के. टीपॉयवरचे शोपीस सगळे उचलले. इतकी जागा होती आपल्या हॉलमध्ये हे मला माहीतच नव्हतं, डोळ्यालाच गार वाटतं.

कोपऱ्यात तिवईवर नवा माठ ठेवला, खाली परातीत ओली रेती. माठ रात्रभर पाण्यात भिजवून घेतला होता आणि लेकीला बजावलंय की त्याला साबण लावायचा नाही, त्याची बारीक छिद्रं बुजली की पाणी पाझरणार नाही आणि पाझरलं नाही तर गारही होणार नाही. आत वाळ्याची छोटी जुडी दोऱ्याने बांधून सोडली.

आणि आजीचं पितळी घंगाळ! किती वर्षं माळ्यावर पडलं होतं, चिंचेने घासलं तर असं लखलखलं की डोळे भरून आले. चैत्रगौर त्याच्याच शेजारी मांडणार आहे यंदा, हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं, अक्षय तृतीयेच्या आधी एखादा दिवस बघते. आता त्यात पाणी घालून संध्याकाळी तोडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या सोडल्यात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "कडीपाशी पोचा आलाय ना, तो मीच लहानपणी पाडलेला."

आत्ता लाइट बंद करून इथेच खाली चटईवर पडून लिहितेय. कळ्या उमलायला लागल्यात, ताटी अजून ओली आहे.