लिस्बन–माद्रिद: विमान वीस मिनिटांत पोहोचतं का?

माद्रिदहून लिस्बनचं तिकीट काढताना वेळा अशा दिसू शकतात: सुटणार १०:००, पोहोचणार १०:२०. उलट दिशेला मात्र १०:०० ला सुटलेलं विमान १२:२० ला. छपाईची चूक नाही. प्रवास दोन्हीकडे साधारण एक तास वीस मिनिटांचाच आहे. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे चालतं, एवढंच. खरं तर माद्रिदही ग्रीनिचच्या पश्चिमेलाच आहे, पण १९४० मध्ये स्पेनने घड्याळ तासभर पुढे नेलं ते कायमचं. उन्हाळी वेळेचा बदल दोन्ही देशांत एकाच क्षणी होतो, म्हणून हा फरक वर्षभर तेवढाच. कनेक्टिंग विमान असेल तर मधला वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळानेच मोजा, मोबाइलवर विसंबू नका.

विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत अंतर ५१३ किमीच्या आसपास. काही साइट्स ५०० च्या जवळचा आकडा देतात, कारण त्या शहराच्या मध्यापासून मोजतात. ताशी ८०० किमीने हे चाळीस मिनिटांचं काम वाटेल, पण एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण वेगात फार थोडा वेळ असतं. वर चढून स्थिरावतं तोच उतरायची तयारी सुरू. शिवाय तिकिटावरचा वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. माद्रिदच्या बाराहास विमानतळावर चार धावपट्ट्या आहेत, आणि उतरल्यावर गेटपर्यंत जमिनीवरच बराच वेळ जातो. वारा बहुधा पश्चिमेकडून, त्यामुळे माद्रिदकडे येताना काही मिनिटं वाचतात.

खरा वेळ खातात ती टर्मिनल्स. लिस्बनचं टर्मिनल २ फक्त सुटणाऱ्या विमानांसाठी आहे. मेट्रोची लाल लाइन टर्मिनल १ ला सोडते, तिथून पुढे शटल बस. माद्रिदला टर्मिनल ४ (टी४) हे टर्मिनल १-२-३ (टी१-२-३) पासून चांगलंच लांब. आयबेरिया या स्पॅनिश कंपनीची विमानं टी४ वरून. दोन वेगळी तिकिटं जोडताना टर्मिनल बदलत असेल तर दीड तास मला तरी कमी वाटतो. माद्रिदची मेट्रो लाइन ८ टी४ आणि टी१-२-३ दोन्हीकडे थांबते, सेर्कानियास लोकल मात्र फक्त टी४ ला. दोन्ही देश शेंगेनमध्ये (आपसांत पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) असल्याने या टप्प्यावर एरवी इमिग्रेशनची रांग नसते, पण पासपोर्ट जवळ हवाच. युरोपबाहेरून माद्रिदमार्गे लिस्बनला जाणाऱ्यांची पासपोर्ट तपासणी माद्रिदलाच होते. त्या रांगेचा वेळ धरा.

रस्त्याने सीमेवरच्या एल्वास-बादाखोसमार्गे सुमारे ६२५ किमी, न थांबता सहा तास. रात्रीची थेट रेल्वे मार्च २०२० पासून बंद आहे. गाड्या बदलत गेलात तर अख्खा दिवस त्यातच जातो.