स्वल्पविराम तेवढा बरोबर हवा

शोधनिबंध लिहून झाला असं माणूस जाहीर करतो, तेव्हा संदर्भसूची राहिलेली असते. निष्कर्ष झाले, आलेख झाले, सहलेखकांच्या क्रमावरून झालेले रुसवेफुगवेही आटोपले. आता फक्त संदर्भ लावायचे. या 'फक्त'मध्ये अख्खा शनिवार-रविवार जातो. जर्नलच्या सूचना उघडल्या की दिसतं, तुम्ही काय शोधलंत याबद्दल त्यांना विशेष काही म्हणायचं नाही. आडनावानंतर स्वल्पविराम द्यायचा का, याबद्दल मात्र त्यांची मतं ठाम आहेत.

खरं तर कोणी, कधी, काय आणि कुठे लिहिलं, एवढंच सांगायचं असतं. पण एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीत आधी आडनाव, मग स्वल्पविराम, आद्याक्षर, त्यापुढे टिंब, कंसात वर्ष आणि कंस मिटल्यावर पुन्हा टिंब. लेखाचं शीर्षक सरळ ठशात, जर्नलचं नाव तिरक्या. खंडाचा आकडाही तिरका, पण त्याला खेटून कंसात बसलेला अंकाचा आकडा सरळ! हाच संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीत न्यायचा तर आडनाव आणि आद्याक्षर यांच्यातला स्वल्पविराम पुसायचा, आद्याक्षरापुढचं टिंब पुसायचं, वर्ष उचलून जर्नलच्या नावानंतर ठेवायचं, त्यापुढे अर्धविराम. पानं 284 ते 287 असतील तर 284-7 एवढंच लिहायचं. बाकीचे आकडे वाचणाऱ्याने समजून घ्यावेत.

या पद्धतींना आपापला स्वभाव आहे, असं मला वाटत आलं आहे. व्हँकुव्हर डॉक्टरांची. 1978 साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक त्या शहरात भेटले आणि पुढे तिला शहराचंच नाव पडलं. मजकुरात नुसता आकडा टाकून पुढे जायचं, नावागावाची चौकशी शेवटी. घाईतल्या माणसाला शोभेल अशीच. लेखक-वर्ष पद्धतीवाल्यांना मात्र 'कोण म्हणालं' आणि 'कधी म्हणालं' हे वाक्यातच लागतं. तिचा उगम 1881 सालच्या एका लेखात दाखवतात. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी मजकुरातच कंसात लेखकाचं नाव आणि वर्ष घातलं. लेखाचा विषय होता बिनशंखाच्या गोगलगायीचं अंडं आणि त्याची वाढ. इतिहासवाल्यांना तळटीप प्रिय. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेची नियमावली 1906 पासून आहे आणि तळटीपवाल्यांचा लाडका 'इबिड' तिने 2017 च्या आवृत्तीत जवळजवळ निवृत्तच केला. मला तो आवडायचा. 'वरीलप्रमाणे' म्हणून हात झटकायची सोय फार थोड्या ठिकाणी मिळते.

सगळ्यात मजेदार नियम लेखकांच्या संख्येचा. एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे वीसपर्यंत लेखक असतील तर सगळे लिहा. एकवीस किंवा जास्त झाले तर पहिले एकोणीस लिहा, मग तीन टिंबं, मग शेवटचा. आता बरोबर एकवीस लेखकांच्या निबंधात काय होतं बघा. तीन टिंबांत एकच माणूस बसतो, क्रमांक वीस. त्या बिचाऱ्याचं नाव लिहिलं असतं तर कितीशी जागा लागली असती? उलट 2015 साली हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या दोन प्रयोगांनी मिळून जो निबंध छापला, त्याला 5,154 लेखक होते. तिथे याच तीन टिंबांत 5,134 माणसं मावतात. नियमापुढे सगळे समान, असं म्हणतात ते हेच असावं.

हे सगळं हाताने कोण करतं, सॉफ्टवेअर आहे ना, असं कुणीतरी म्हणतंच. आहे. बिबटेक 1985 पासून आहे, झोटेरो 2006 पासून. एक बटण दाबलं की सगळी यादी एपीएतून व्हँकुव्हरमध्ये उडी मारते आणि पहिल्यांदा बघताना डोळे निवतात. मग नीट बघितलं की एक शीर्षक सगळंच्या सगळं मोठ्या अक्षरांत असतं, कारण प्रकाशकाच्या साइटवर ते तसं होतं. एका संस्थेचं नाव आडनाव आणि आद्याक्षर असं चिरलेलं असतं. बिबटेक तर शीर्षकातली मोठी अक्षरं बिनदिक्कत लहान करतं. 'डीएनए' वाचवायचा तर त्याभोवती महिरपी कंसांचं कुंपण घालावं लागतं. 2019 साली 'प्लॉस वन' या जर्नलमध्ये एक पाहणी आली होती. निबंध जर्नलच्या साच्यात बसवायला, म्हणजे संदर्भ, तक्ते, समास सगळं धरून, एका निबंधामागे साधारण 14 तास जातात असं तिच्यात निघालं. मला आकडा कमीच वाटला. एका जर्नलने नाकारला की दुसऱ्याच्या साच्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एवढी मेहनत कशाच्या राखणीसाठी, हा माझा खरा प्रश्न आहे. 2003 साली सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी संदर्भांमधल्या छपाईच्या चुका मोजल्या. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचा सुमारे 4,300 ठिकाणी उल्लेख झाला होता. त्यात 196 वेळा चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त 45. पानाच्या आकड्यातली एकच चूक 78 जणांनी केली होती. इतक्या जणांचं बोट स्वतंत्रपणे एकाच आकड्यावर घसरणं शक्य नाही. एकाने दुसऱ्याची यादी उतरवली, दुसऱ्याची तिसऱ्याने. मूळ लेख उघडून बघणारे पाचांतला एखादाच असावा, असा त्यांचा अंदाज होता. उतरवलेला संदर्भ दिसायला अगदी शिस्तीत असतो, सगळी टिंबं जागच्या जागी.

आज तर या टिंबा-स्वल्पविरामांची गरजही उरलेली नाही. 2000 पासून लेखांना डीओआय मिळू लागले, दहाच्या आकड्याने सुरू होणारा एक क्रमांक. तो टाकला की थेट लेखापाशी पोचता येतं, आडनावापुढे स्वल्पविराम असो वा नसो. काही प्रकाशक आता पहिल्यांदा पाठवताना कुठलीही पद्धत चालेल, फक्त ती सगळीकडे सारखी ठेवा, असं म्हणतात. शहाणपणाचं आहे. साचा लावायचं काम निबंध स्वीकारल्यावर एकदाच व्हावं, आणि तेही यंत्राने. माणसाने तेवढ्या वेळात प्रत्येक डीओआय उघडून बघावा. हल्ली संभाषण करणारी यंत्रं मागाल तितके संदर्भ बनवून देतात, एकूण एक देखणे, त्यातले काही कधी कुणी लिहिलेच नाहीत असे. जर्नलच्या सूचनांमधले नियम असा संदर्भ आनंदाने पास करतील.

आणि यासाठी यंत्रच हवं असंही नाही. एल्सव्हियर या प्रकाशकाच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहायचा याचा एक नमुना दिलेला असे: वॅन डर गीअर आणि इतर, वर्ष 2000, खंड 163, पानं 51 ते 59, विषय वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला. असा लेख नाही, असं जर्नलही नाही. पण लायडनचे संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रोनेनबर्ग यांना तो कुणाच्या तरी यादीत खरा म्हणून भेटला. मग प्राध्यापक ॲन-विल हार्झिंग यांनी शोध घेतला, तर या लेखाच्या नावावर जवळपास 400 उल्लेख जमा झालेले! बऱ्याच जणांनी परिषदेचा तयार साचा घेतला होता, त्यात आपला मजकूर भरला होता आणि तळाचा नमुना पुसायचा राहून गेला होता. सहलेखकांनी पाहिला नाही, समीक्षकांनी पाहिला नाही, संपादकांनी पाहिला नाही. पाहिला असेल तरी आक्षेप कशाला घ्यायचा? नमुनाच तो, त्यात स्वल्पविरामाची चूक कुठून सापडणार. आता या प्रकारावर कुणी निबंध लिहायचं ठरवलं तर हा न लिहिलेला लेख त्याला आपल्या संदर्भसूचीत घालावाच लागेल, आणि वॅन डर गीअर यांच्या खात्यात आणखी एक उल्लेख जमा होईल.