तुम्ही विचारलंत म्हणून: एका अक्षरासाठी तीन आठवडे

अंबाझरीच्या काठाने सकाळी फिरायला गेलो की जुने विद्यार्थी भेटतात, आणि ख्यालीखुशाली झाल्यावर त्यांच्यापैकी एखादा हमखास तोच प्रश्न काढतो. "सर, पडद्यावर एक अक्षर उमटवायला तुम्ही आम्हाला तीन आठवडे राबवलं. सी भाषेत ते एका ओळीत होतं. मग तो खटाटोप कशासाठी होता जी?" नागपूरच्या एका तंत्रनिकेतनात मी बरीच वर्षे मायक्रोप्रोसेसर शिकवला. या प्रश्नाला मी आजवर चालता चालता उडती उत्तरे दिली आहेत. एकदा ते नीट लिहून काढावे असे वाटले.

असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरला एकेक सूचना देण्याच्या भाषेत, बेरीज-वजाबाकी शिकताना विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम आपल्याच घरात वावरत असतो. रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला आकडा ठेवण्याचा कप्पा, त्याचे, मेमरी त्याची, आणि दिलेली सूचना ठरलेल्या वेळात पूर्ण होणार हेही पक्के. कीबोर्डशी आणि पडद्याशी गाठ पडते तेव्हा पहिल्यांदाच समोर असे कोणीतरी येते, जे त्याच्या घड्याळाने चालत नाही. कन्सोलवरून, म्हणजे कीबोर्ड-पडद्याच्या जोडीवरून, अक्षर घेणारे आणि कन्सोलवर अक्षर पाठवणारे रूटीन, म्हणजे हवे तेव्हा बोलावता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहिताना प्रत्यक्ष काम एका सूचनेत उरकते. बाकी सगळी वाट पाहण्याची व्यवस्था असते. ही व्यवस्था स्वतःच्या हाताने रचल्याशिवाय कळत नाही असे माझे मत होते आणि आहे.

आमच्या प्रयोगशाळेत ८०८५ या इंटेलच्या मायक्रोप्रोसेसरची किट होती. पुढे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांचा, कीपॅड आणि लाल आकड्यांचा डिस्प्ले, मागे सीरियल पोर्ट, आणि त्या पोर्टापाशी ८२५१ ही चिप. ही चिप प्रोसेसरकडून आठ बिट एकदम घेते आणि एकाच तारेवरून ते एकामागून एक सोडते. टर्मिनलकडून, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा असलेल्या पेटीकडून, येणारे बिट गोळा करून त्यांचा पुन्हा बाइट करते. तिची स्थिती सांगणाऱ्या स्टेटस बाइटमधले शून्य क्रमांकाचे बिट सांगते की माझी जागा रिकामी आहे, पुढचे अक्षर द्या. एक क्रमांकाचे बिट सांगते की अक्षर येऊन पडले आहे, घेऊन जा. तेव्हा अक्षर घेण्याचे रूटीन, ज्याला इंटेलच्या मॉनिटर प्रोग्रॅममधल्या नावाप्रमाणे आम्ही 'सीआय' म्हणत असू, जेमतेम सहा सूचनांचे होते: स्टेटस वाचा, एक क्रमांकाचे बिट वेगळे काढा, ते शून्य असेल तर पुन्हा पहिल्या सूचनेवर जा, नसेल तर डेटा पोर्टवरून अक्षर उचला, त्याचे सर्वांत वरचे बिट पुसा, आणि परत या. अक्षर पाठवणारे 'सीओ' याच वळणाचे. त्यात पाठवायचे अक्षर सी रजिस्टरमध्ये ठेवून बोलावायचे आणि शून्य क्रमांकाचे बिट तपासायचे, एवढाच फरक.

पहिल्या तीन सूचनांची जी फेरी होते ती ८०८५ च्या क्लॉकच्या २७ ठोक्यांत पूर्ण होते. किटचा क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ असेल तर एका फेरीला सुमारे ८.८ मायक्रोसेकंद लागतात. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, एक अक्षर, स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून दहा बिटांचे, तारेवरून जायला एक मिलिसेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ घेते, म्हणजे तेवढ्यात प्रोसेसर सुमारे ११८ वेळा 'झाले का?' असे विचारून घेतो. टंकन करणारा माणूस सेकंदाला पाच कळा दाबत असेल तर दोन कळांच्या मध्ये हाच प्रश्न बावीस हजारांहून अधिक वेळा विचारला जातो. हा हिशेब मी फळ्यावर करायला लावत असे, आणि वर्गातला सर्वांत मठ्ठ समजला जाणारा मुलगाही त्या आकड्यापाशी थबकत असे.

वाट न पाहिल्यास काय होते हे दाखवणे त्याहून सोपे होते. एका बॅचमधल्या मुलाने स्टेटस तपासण्याच्या सूचना फालतू समजून गाळल्या आणि नागपूरची इंग्रजीतली सहा अक्षरे सरळ डेटा पोर्टवर ढकलली. टर्मिनलवर जेमतेम दोन उमटली. त्याची सबंध फेरी शंभर मायक्रोसेकंदांच्या आत संपली होती, त्या वेळात चिपकडून एक बिटसुद्धा धड बाहेर पडले नव्हते, आणि मागून येणारे प्रत्येक अक्षर आधीच्या अक्षरावर लिहिले गेले होते. मी त्याला रागावलो नाही. ते दोन अक्षरांचे नागपूर वर्गातल्या सगळ्यांना फळ्यावर काढायला लावले.

दुसरी गोष्ट एकोची, म्हणजे आलेले अक्षर पडद्याकडे परत पाठवण्याची. कळ दाबली की अक्षर पडद्यावर दिसते, हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्या दोन वेगवेगळ्या घटना आहेत यावर विद्यार्थ्याचा विश्वास बसत नाही. नुसते 'सीआय' चालवले आणि कळा बडवल्या तर पडदा कोराच राहतो, कारण टर्मिनलचा कीबोर्ड आणि त्याचा पडदा ही एका पेटीत ठेवलेली दोन स्वतंत्र यंत्रे असतात आणि त्यांच्यामधला दुवा आपला प्रोग्रॅम असतो. 'सीआय'नंतर 'सीओ' बोलावले की अक्षर दिसू लागते. पासवर्ड विचारताना अक्षरे का दिसत नाहीत, हा प्रश्न मग कोणी विचारत नसे.

एका अक्षरावरून पूर्ण ओळीवर गेलो की खरी गंमत सुरू होते. एंटर दाबल्यावर येतो तो कोड १३, म्हणजे कॅरेज रिटर्न. तो जसाच्या तसा परत पाठवला तर कर्सर त्याच ओळीच्या सुरुवातीला जातो आणि पुढची अक्षरे आधीच्या अक्षरांवर चढतात. म्हणून त्याच्यामागून १० हा लाइन फीडचा कोड आपणच पाठवायचा. या दोन वेगळ्या हालचाली टेलिटाइपच्या काळातल्या, जेव्हा छपाईचे डोके खरोखर डावीकडे सरकत असे आणि कागद खरोखर एक ओळ वर जात असे. बॅकस्पेसचा कोड ८, आणि तो कर्सर फक्त एक घर मागे नेतो, अक्षर पुसत नाही. पुसायचे असेल तर ८, ३२, ८ असे तीन कोड पाठवावे लागतात: मागे या, त्या जागी रिकामी जागा छापा, पुन्हा मागे या. त्याच वेळी बफरमधली, म्हणजे ओळ साठवण्याच्या जागेतली, अक्षरांची मोजणी एकाने कमी करायची, आणि मोजणी शून्य असेल तर काहीच करायचे नाही. हे शेवटचे वाक्य विसरणारे विद्यार्थी दरवर्षी निघत. त्यांचा बॅकस्पेस बफरच्या सुरुवातीच्याही मागे जाऊन शेजारचा कोड कुरतडत असे. कंट्रोल दाबून ठेवून एच दाबले तर बॅकस्पेस होतो, कारण एच आठवे अक्षर. जे दहावे म्हणून लाइन फीड, एम तेरावे म्हणून एंटर, आणि जी सातवे म्हणून घंटी. हे कळल्यानंतरचा अर्धा तास प्रयोगशाळेत नुसत्या घंट्या वाजत असत, आणि तेवढी मुभा मी देत असे.

रजिस्टरांच्या शिस्तीचा धडा मी स्वतः फजिती करून घेऊन शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला वर्गासमोर दहा तारकांची ओळ छापून दाखवायची होती. मोजणी सी रजिस्टरमध्ये ठेवली आणि छापायचे अक्षरही, अर्थातच, सी रजिस्टरमध्ये. तारकेचा कोड ४२. प्रत्येक फेरीत त्यातून एक वजा होऊन ४१ उरायचे, ते शून्य नसल्यामुळे फेरी पुन्हा सुरू व्हायची, आणि पडदा तारकांनी भरत राहिला. शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, दहा झाल्या." तेव्हापासून कोणत्याही रूटीनच्या डोक्यावर ते काय घेते, काय परत देते आणि कोणती रजिस्टरे बिघडवते या तीन ओळी लिहिल्याशिवाय मी जर्नलवर सही केली नाही.

या शिस्तीचे मोल सीपी/एम शिकवताना दिसत असे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये ही ऑपरेटिंग सिस्टिम ८०८० या प्रोसेसरसाठी रचली, आणि तिचे मला वाटणारे खरे शहाणपण तिच्या कन्सोलच्या विभागणीत आहे. कीबोर्डवर काही आले आहे का ते पाहणे, एक अक्षर घेणे, एक अक्षर पाठवणे, अशी मोजकी रूटीने बायोसमध्ये, म्हणजे यंत्राशी थेट बोलणाऱ्या भागात. बाकी सगळे त्यांच्यावर उभे. निराळ्या कंपनीचा संगणक, निराळी चिप, निराळे पोर्ट असले तरी ही चिमुकली रूटीने बदलली की वरचा प्रोग्रॅम तसाच चालायचा. प्रोग्रॅमने मात्र सी रजिस्टरमध्ये कामाचा क्रमांक ठेवून ५ या पत्त्यावर कॉल द्यायचा: १ म्हणजे अक्षर घ्या, २ म्हणजे अक्षर छापा, ९ म्हणजे ओळ छापा, १० म्हणजे पूर्ण ओळ वाचा. परतताना आपली रजिस्टरे शाबूत असतील असा भरवसा नसे, म्हणून जे जपायचे ते आधी स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, ठेवायचे. नऊ क्रमांकाच्या कामात ओळीचा शेवट डॉलरच्या चिन्हाने दाखवावा लागे, आणि ती खोड पुढे एमएस-डॉसनेही उचलली. ज्या देशात डॉलर हेच चलन, त्या देशात डॉलर छापू न शकणारे रूटीन कसे चालले याचे मला नवल वाटते. आमचा हिशेब रुपयांत असल्याने आम्हाला त्याचा त्रास झाला नाही.

एक बाइट हेक्समध्ये छापण्याचे रूटीन मी शेवटी ठेवत असे. अडचण अशी की ० ते ९ चे कोड ४८ पासून सुरू होतात आणि ए ते एफ चे ६५ पासून, मध्ये सात कोडांची फट. बहुतेक जण तुलना करून उडी मारतात. पण सोळाच्या पायावरचे ९० मिळवा, डीएए, म्हणजे बेरीज दशमान पद्धतीत बसवणारी सूचना, करा, कॅरीसकट, म्हणजे हातच्यासकट, सोळाच्या पायावरचे ४० मिळवा, पुन्हा डीएए करा. एकही उडी न मारता दहाचा ए होतो आणि नवाचा ९ राहतो. हे का चालते ते मी कधीच सांगितले नाही. कागद-पेन्सिल घेऊन सोळाही आकडे चालवून पाहा म्हणून घरी पाठवले.

इंटरप्टने, म्हणजे अक्षर आले की चिपनेच प्रोसेसरला हाक मारण्याच्या पद्धतीने, हे सगळे अधिक चांगले होते, वाट पाहण्यात प्रोसेसर अडकत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो विषय मी पुढच्या सत्रात घेतही असे. पण कशापासून सुटका करून घेत आहोत हे माहीत नसताना सुटकेचा मार्ग शिकवण्यात मला अर्थ वाटला नाही.

अलीकडे हा प्रश्न विचारणारा मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत आहे. घरी हौसेने एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरवर बॅटरीवर चालणारे तापमान नोंदवणारे यंत्र करत होता, आणि कन्सोलवर येणाऱ्या प्रत्येक ओळीची शेवटची अक्षरे चिरडली जात होती. ओळ पाठवून झाली की यंत्र लगेच झोपी जात असे. त्याचा कोड स्टेटसमधल्या पाच क्रमांकाच्या बिटाची, म्हणजे 'जागा रिकामी आहे' याची, वाट पाहत होता. अक्षर तारेवरून पूर्ण बाहेर पडले की नाही हे सांगते ते सहा क्रमांकाचे बिट. ८२५१ मध्येही ही दोन बिटे वेगळी असतात, शून्य क्रमांकाचे आणि दोन क्रमांकाचे, आणि त्यांच्यातला फरक त्याने माझ्याच वर्गात व्हायवाला चुकवला होता. या वेळी त्याने तो दहा मिनिटांत शोधला.

"ते सगळं ठीक आहे सर," तो म्हणाला, "पण तीन आठवडे?"

तिसऱ्या आठवड्याचे उत्तर मात्र प्रामाणिकपणे द्यायला हवे. त्या वर्षी भारनियमन होते. प्रॅक्टिकलच्या मध्येच वीज जात असे, किटची रॅम रिकामी होत असे, कूलर थांबून खोली भट्टीसारखी तापत असे, आणि वीज परतल्यावर सगळा प्रोग्रॅम हेक्स कीपॅडवरून पहिल्या बाइटपासून पुन्हा भरावा लागत असे. तो आठवडा अभ्यासक्रमात नव्हता.