तुम्ही विचारलंत म्हणून: ते गात का नाहीत?

१४ जुलै २०२४. युरो कपची फायनल, बर्लिनमध्ये, स्पेन विरुद्ध इंग्लंड. नाशिकला रात्रीचे साडेबारा वाजत आलेले. सामना सुरू व्हायच्या आधीच भाच्याचा मेसेज आला : "मावशी, इंग्लंडवाले घसा ताणून गातायत आणि तुझे स्पेनवाले तोंडात मिठाची गुळणी धरून उभे. राष्ट्रगीत पाठ नाही का त्यांना?"

मी माद्रिदमध्ये राहते त्याला चौदा वर्षं झाली. दर वर्ल्ड कपला, दर युरोला हा प्रश्न येतो. आत्येभावाकडून, पुण्याच्या मैत्रिणीकडून, एकदा तर विमानात शेजारी बसलेल्या सांगलीच्या काकांकडून. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

छोटं उत्तर असं की पाठ करायला काही नाहीच. स्पेनच्या राष्ट्रगीताला शब्द नाहीत. 'मार्चा रेआल' म्हणजे राजाची संचलनधून. ती १७६१ च्या लष्करी सुरावटींच्या पुस्तकात सापडते, म्हणजे चांगलीच जुनी आहे. बिनशब्दांची राष्ट्रगीतं जगात मोजकीच : स्पेन, सान मारिनो, बॉस्निया-हर्जेगोविना, कोसोव्हो. शेवटच्या दोघांच्या बाबतीत कोणी 'का' विचारत नाही. तिथली युद्धं आपण टीव्हीवर पाहिली आहेत. स्पेनचं युद्ध मात्र लोकांच्या डोक्यातून गेलंय. समुद्रकिनारे, टोमॅटोची होळी आणि फुटबॉल, एवढाच स्पेन आपल्यापर्यंत पोचतो.

शब्द लिहायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९३१ मध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं, त्यांनी ही धूनच बाजूला ठेवून दुसरं गीत घेतलं. १९३६ मध्ये लष्कराने त्या प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केलं आणि तीन वर्षांची यादवी सुरू झाली. ती चालू असतानाच, १९३७ मध्ये, बंडखोरांचा सेनापती फ्रांको याने जुनी धून परत आणली. यादवी जिंकून तो हुकूमशहा झाला, आणि त्याच्या राजवटीत पेमान नावाच्या कवीचे शब्द तिच्यावर गायले जायचे. अधिकृत नव्हते, पण शाळांतून गायले जायचे.

फ्रांको १९७५ मध्ये अंथरुणात वारला. लोकशाही आली. धून राहिली, शब्द गळून पडले.

मग २००७ मध्ये स्पेनच्या ऑलिंपिक समितीला वाटलं, आपले खेळाडू बिचारे मुके उभे राहतात, त्यांना काहीतरी द्यावं. स्पर्धा लावली. सात हजारांहून जास्त लोकांनी शब्द लिहून पाठवले. ला मांचातल्या एका बेकार माणसाचे शब्द निवडले गेले, ऑपेरा गायक प्लासिदो दोमिंगोने ते गायचं ठरलं. जानेवारी २००८ मध्ये मजकूर वर्तमानपत्रांत फुटला, आणि आठवडाभराच्या आत समितीने तो मागे घेतला. सुरुवातच 'व्हिवा एस्पान्या'ने होती. आपल्याला त्यात काय वावगं वाटणार? 'जय हिंद'सारखंच तर आहे. पण इथे कित्येकांच्या कानांना त्या दोन शब्दांत अजून फ्रांकोची सभा ऐकू येते. शिवाय गाणार कोणत्या भाषेत? संघातला कोणी कातालान, कोणी बास्क, ज्याची त्याची भाषा वेगळी. फ्रांकोच्या काळात पोराचं कातालान नाव 'जोर्दी' ठेवलं तरी नोंद स्पॅनिशमध्ये 'होर्खे' अशी व्हायची. तो जोर्दी आज आजोबा आहे आणि त्याला सगळं आठवतं.

इतकं सांगितलं की लोक म्हणतात, "पण जर्मनीने केलं ना सगळं? बसून बोलले, माफी मागितली." खरी गाठ इथेच आहे. जर्मनी हरली. फ्रांको हरला नाही, तो पिकल्या पानासारखा गळून पडला. त्याचे न्यायाधीश, पोलीस, प्राध्यापक सोमवारी सकाळी नेहमीसारखे कामावर गेले. ऑक्टोबर १९७७ मध्ये संसदेने सार्वत्रिक माफीचा कायदा केला. राजकीय कैदी सुटले, आणि त्याच कायद्याने त्यांना छळणारेही सुटले. गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, माफीची मागणी डाव्यांचीच होती. कम्युनिस्टांनी फ्रांकोने वारस नेमलेला राजा स्वीकारला, त्याच्याच वेळचा लाल-पिवळा झेंडा स्वीकारला. बदल्यात निवडणुका मिळाल्या. या सगळ्याला इथे 'पाक्तो देल ओल्वीदो' म्हणतात, विसरण्याचा करार. मला हे नाव चुकीचं वाटतं. कोणीच काही विसरलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून मिठाची गुळणी धरली होती. तेव्हा ती धरणं शहाणपणाचं होतं, असंही मला वाटतं. फेब्रुवारी १९८१ मध्ये एक लेफ्टनंट कर्नल पुन्हा बंड करायला पिस्तूल घेऊन संसदेत घुसला होता. त्या रात्री लोकांनी घरातली जुनी कागदपत्रं जाळली असं मी इथे अनेकांकडून ऐकलंय. पण गुळणी चाळीस वर्षं धरायची नसते.

कारण दोन्ही बाजूंची मढी सारखी नव्हती. प्रजासत्ताकाच्या बाजूनेही कत्तली झाल्या, हे आधी सांगायला हवं. माद्रिदजवळ पाराकुएय्योसला १९३६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुरुंगातून काढून दोन हजारांवर माणसं मारली गेली. माझ्या ऑफिसातल्या एकाचे पणजोबा त्यांत होते. पण त्या पणजोबांचं नाव चर्चच्या भिंतीवर कोरलं गेलं, 'देवासाठी आणि स्पेनसाठी पडलेले' म्हणून. दुसऱ्या बाजूचे लोक रस्त्याकडेच्या चरांत राहिले. 'कुनेता' म्हणतात त्याला. या शब्दाचा अर्थ साधा, पावसाचं पाणी वाहून जायला खणलेला चर. आज कोणी 'माझे आजोबा कुनेतात आहेत' म्हणालं की पुढे काही विचारायचं नसतं. २००० मध्ये लेओन प्रांतातल्या प्रियारान्सा गावात एका नातवाने आजोबांना शोधायला असा चर उकरला. तेरा माणसं निघाली. तिथून ही उत्खननं सुरू झाली. २००८ मध्ये न्यायाधीश गार्सोन यांनी बेपत्ता माणसांचा आकडा १ लाख १४ हजारांच्या वर दिला. पुढे या चौकशीसाठी त्यांच्यावरच खटला भरला गेला, त्यातून ते सुटले. २००७ मध्ये एक कायदा झाला, २०२२ मध्ये दुसरा, आणि आता बेपत्ता माणसांना शोधणं सरकारचं काम आहे.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. वय नव्वदीच्या आसपास. लिफ्टमध्ये भेटल्या की हवा, टोमॅटोचे भाव आणि माझा स्वेटर पुरेसा जाड आहे का, या तीन विषयांवर बोलतात. त्यांचे वडील पश्चिमेकडच्या एस्त्रेमादुरा प्रांताचे. ते 'गेले', इतकंच मला ठाऊक होतं.

२४ ऑक्टोबर २०१९ ला फ्रांकोचं शव 'व्हाय्ये दे लोस काईदोस'मधून काढलं. ही डोंगरातली समाधी युद्धकैद्यांना राबवून बांधलेली. वर दीडशे मीटरचा क्रूस, आत तेहतीस हजारांहून जास्त मृतदेह. त्यांतल्या कित्येकांना घरच्यांना न विचारता, कुनेतांतून उचलून तिथे आणलं होतं. ज्याने मारलं त्याच्याच पायाशी. शवपेटी हेलिकॉप्टरने दुसऱ्या दफनभूमीत नेली, सगळं लाइव्ह. त्या दिवशी आजींनी मला घरात बोलावलं. टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवला होता. म्हणाल्या, "माझ्या वडिलांना पासेओला नेलं." पासेओ म्हणजे फेरफटका. संध्याकाळी बायकापोरांना घेऊन पाय मोकळे करायला निघतात तो. १९३६ मध्ये गाडी दाराशी यायची, माणसाला बसवायचे आणि सकाळी तो चरात सापडायचा, त्यालाही हाच शब्द. हे त्या कुजबुजत सांगत होत्या. घरात आम्ही दोघीच. फ्रांकोला जाऊन चव्वेचाळीस वर्षं झालेली.

तरुणांना हे सगळं फार आठवतं असं समजू नका. २०१० मध्ये वर्ल्ड कप जिंकला तेव्हा लोकांनी पहिल्यांदाच, न ओशाळता, बाल्कन्यांत झेंडे लावले. तरुणांना तो सणाचा झेंडा वाटला. २०१७ मध्ये कातालुन्याने, म्हणजे कातालान लोकांच्या प्रांताने, स्पेनपासून वेगळं होण्यावर सार्वमत घेतलं आणि त्याच बाल्कन्यांतला तोच झेंडा एकदम भांडणाचा झाला. आमच्या गल्लीत कोणाच्या खिडकीत काय लटकतंय यावरून मतं कळायची. त्याआधी २००९ मध्ये राजाच्या चषकाच्या फायनलला कातालान बार्सेलोना आणि बास्क बिल्बाओच्या प्रेक्षकांनी राष्ट्रगीतावर इतक्या शिट्ट्या मारल्या की सरकारी वाहिनीने तो क्षण थेट दाखवलाच नाही. त्यासाठी क्रीडाविभागाच्या प्रमुखाची नोकरी गेली. शब्द नसलेल्या गाण्याचंही एवढं रामायण.

पोरं स्टेडियममध्ये 'लो लो लो लो' म्हणतात त्या धुनेवर. मला ते आवडतं. अक्षरं आहेत आणि कोणी त्यावर आक्षेप घेऊ शकत नाही.

तर ती फायनल. आजींनी पाय दुखतात म्हणून मलाच खाली बोलावलं होतं, ऑलिव्ह आणि बटाट्याचं ऑम्लेट घेऊन आम्ही बसलो. संघ रांगेत उभे राहिले. इंग्लंडचं झालं. मार्चा रेआलचा पहिला सूर लागला तसा आजींनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. पडद्यावर मुकी पोरं, आणि खोलीतही शांतता. मी भाच्याचा मेसेज त्यांना वाचून दाखवला, शब्द नाहीत म्हणून ते गात नाहीत असं त्याला सांगते म्हटलं.

"शब्द नाहीत कोण म्हणतं?" आजी म्हणाल्या. "मला पाठ आहेत. रोज सकाळी, हात वर करून. वडिलांना नेलं त्याच गावातल्या शाळेत."

मग किक-ऑफ झाला आणि त्यांनी आवाज पुन्हा वाढवला.