तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री दोनला कूस का बदलते

"सिस्टर, झोपू द्या ना त्यांना. सारखं काय उलटंपालटं करता?"

मुलगा विचारतो, सून विचारते, भेटायला आलेल्या शेजारच्या काकू विचारतात. मी घरी जाऊन रुग्ण सांभाळते, आणि हल्ली खोलीत कॅमेरा असतो, त्यामुळे अमेरिकेतूनही विचारलं जातं. तिकडे दुपार, इकडे रात्रीचे दोन. फोन वाजतो तेव्हा माझा एक हात आजोबांच्या खांद्यावर असतो आणि दुसरा कमरेवर. मी तो उचलत नाही. उद्धट म्हणा हवं तर.

झोपेत तुम्ही-आम्ही न कळत कूस बदलतो. ज्यांना हलता येत नाही त्यांची माकडहाडावरची, टाचेची, खुब्याची कातडी हाड आणि गादीच्या मध्ये दबून राहते, तिथे रक्त पोचत नाही. लाल डागावर बोट दाबून तो क्षणभर फिका पडला नाही, तर समजायचं की बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली. सावळ्या अंगावर तर लालीही दिसत नाही. जागा गरम किंवा टणक लागते, म्हणून मी तळहात फिरवून बघते. कॅमेऱ्यात ते लाड केल्यासारखं दिसत असेल.

"एअर बेड घेतलाय की!" घेतलात, चांगलं केलंत. त्याने दाब कमी होतो, पण कूस माणसालाच बदलावी लागते. टाचा तर तरीही उचलाव्या लागतात: पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. तुम्ही हौसेने आणलेली ती हवेची रिंग मी कपाटावर ठेवली आहे, कारण तिची कड भोवतीचं रक्त अडवते. लाल जागा तेल लावून चोळूही नका. आणि मी पूर्ण कुशीवर वळवत नाही, सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी लावून 30 अंशांचा कल पुरतो. वर सरकवायचं तर खालच्या चादरीसकट दोघांनी उचलायचं. ओढलं की कातडी जागेवर राहते आणि आतलं मांस सरकतं.

सांध्यांचंही तसंच. "व्यायाम करून घेता, दुखतं त्यांना." दुखेपर्यंत मी नेतच नाही, सांधा अडला की थांबते. दुखावतो तो लकवा झालेल्या बाजूचा खांदा, तुम्ही हाताला धरून उठवता तेव्हा. आणि गुडघ्याखाली कायमची ठेवलेली ती प्रेमाची उशी काढा, पाय वाकलेलाच आखडतो.

इथपर्यंत मी बरोबर आहे. पुढचं मला सांगता येईलच असं नाही.

एक आजी होत्या. कॅन्सर हाडांत उतरलेला, वेदनेसाठी मॉर्फिन सुरू. गोळीनंतर अर्धा-पाऊण तास थांबून वळवलं तरी त्या दात आवळायच्या. लेक म्हणाली, "आता हात नका लावू हो आईला." डॉक्टरही म्हणाले, त्रास कमी ठेवा. पण मी वॉर्डात वाढलेली. आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, चार्टवर सही नाही म्हणजे काम झालं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, दोन तास म्हणजे दोन तास. मी वळवत राहिले. मग एका रात्री आजीच म्हणाल्या, "पोरी, राहू दे आता."

मी राहू दिलं. म्हणजे पूर्ण वळवणं थांबवलं. खाली तळहात सारून दाब मोकळा करायचा, उशी दोन बोटं सरकवायची, टाचा उचलायच्या, एवढंच. खरं सांगू? "राहू दे" ऐकून मला बरंही वाटलं. रात्री एकटीने वळवताना माझी कंबर भरून येते. दया किती होती आणि थकवा किती, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

शेवटच्या दिवसांत माकडहाडावर काळपट डाग उठला. संध्याकाळी नव्हता, सकाळी होता, आणि लगेच फुटला. डॉक्टरांनी समजावलं, जायची वेळ जवळ आली की कातडीचा रक्तपुरवठाही आटतो, सगळी काळजी घेऊनही असं होतं. लेकीने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कूस बदलत नव्हता का?"

"हात नका लावू" म्हणणारी तीच. मी गप्प बसले. रागावायचा मला हक्क होता, पण आई जात असलेल्या बाईवर कसं रागावायचं?

वॉर्डातली मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, वळवलं असतंस तर निदान तोंड वर करून उत्तर देता आलं असतं. मी तिला म्हणते, आजींना तुझं उत्तर नको होतं, झोप हवी होती. ती म्हणते, आणि जखम हवी होती? इथे माझं बोलणं संपतं.

तेव्हा आता नव्या घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी मी विचारून घेते: यांना बरं करायचं आहे, की सुखात ठेवायचं आहे? बरं करायचं असेल तर रात्री दोनला कूस बदलणार, कितीही फोन करा. दुसरं असेल तर रोज नव्याने विचारणार, आधी त्यांना, मग तुम्हाला. चार्टवर मी पेनाने एक रकाना वाढवलाय, "रुग्णाने नको म्हटलं". त्यात वेळ लिहिते. मला कामावर पाठवणाऱ्या नर्सिंग ब्युरोवाल्यांना तो आवडत नाही. वॉर्डातली मी म्हणते, हा रकाना तू स्वतःला वाचवायला काढलास. असेलही.